वामनरावांची लेडीज सायकल

५ जून १९४९, रविवार. सकाळपासून सायकल अंगणात उलटी करून ठेवली आहे. चेन काढून रॉकेलच्या डब्यात भिजत घातली आहे. ती भिजेपर्यंत वामनराव खर्डेकरांच्या कार्डाला उत्तर लिहून टाकायचं, असं ठरवून बसले आहे. कार्ड येऊन चार दिवस झाले. एरवी मी उत्तराला चार दिवस लावत नाही. पण हे कार्ड हातात घेतलं की डोकं तापतं आणि लेखणी खाली ठेवावी लागते.

कार्ड जामखेडहून आलं आहे. अक्षर तेच, बारीक आणि उभं. पत्ता लिहायच्या बाजूलाही रिकामी जागा सोडलेली नाही. "येथील दवाखान्यात पौषात नवीन नर्स आल्या आहेत. त्यांचेकरिता सायकल घेण्याचे ठरले असून भाव पाहण्याचे काम पंचांनी मजवर सोपविले आहे. मंजुरी नव्वद रुपयांची आहे. संक्रांतीपासून पाहत आहे. तीन सायकली पाहिल्या. एक स्वस्त पण हलकी, दुसरी चांगली पण महाग, तिसरीचा मालक भाव नक्की सांगत नाही. किती खर्च करावा याबाबत आपला अनुभव कळवावा."

माझा अनुभव. संक्रांतीपासून आता ज्येष्ठ लागला. तेवढे महिने जामखेडच्या त्या उन्हात ती पोरगी वस्त्या पायी तुडवते आहे, आणि वामनराव भाव पाहताहेत.

मी केडगावच्या दवाखान्यात आले तेव्हा चौतिशीची होते. नवरा गेल्यावर पुण्याला नर्सिंग शिकले आणि मिळाली ती पहिली नोकरी धरली. दवाखाना धर्मादाय. नगरचे डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येत. बाकी मी, एक कंपाउंडर आणि कारकून वामनराव. वामनराव रोज नगरहून चालत येत आणि चालत जात. टांग्यात बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, काखेत छत्री. ही छत्री उन्हात उघडायची नाही, कारण उन्हानं कापड विटतं. पावसातही सरी जोराच्या असतील तरच उघडायची. बुरबुर पावसात ते छत्री कोटाच्या आत धरून भिजत येत.

ते मूळचे जामखेडकडचे. तिकडे पाणी कमी, आणि माणूस तिथं लहानाचा मोठा झाला की ते अंगात मुरतं. पाणी विचारलं की ते म्हणत, "अर्धा." भरलेला पेला त्यांनी कधी घेतला नाही. "उरलेलं टाकायचं म्हणजे कुणाचं तरी टाकायचं," असं ते म्हणत. टेबलावर दोन पेन्सिली असत. एकीला दोरा बांधलेला, ती दवाखान्याची. दुसरी बिनदोऱ्याची, ती त्यांची स्वतःची. घरच्या पत्रासाठी त्यांनी चुकून दोऱ्याची पेन्सिल उचलली आणि दोन अक्षरं लिहून खाली ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आठ वर्षांत त्यांनी दवाखान्याच्या पैशातला एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना लबाड समजायला नको. लबाड असते तर बरं झालं असतं, असं मात्र मला कितीदा तरी वाटलं आहे.

सायकलीचा विषय निघाला तो १९४० साली. नगरच्या एका अडत्याची सून माहेरी केडगावात बाळंत झाली. अडलेली होती, पण सुखरूप सुटली. अडत्यानं खूश होऊन दवाखान्याला साठ रुपये दिले आणि सांगितलं, "बाईंना सायकल घ्या. पायी किती हिंडतील?" कमिटीनं ठराव केला : नर्सबाईंकरिता एक लेडीज सायकल, किंमत साठ रुपयांपर्यंत, खरेदी कारकुनांनी करावी. मी त्याच दिवशी कंपाउंडरची सायकल मागून घेतली आणि दवाखान्यामागच्या पटांगणात शिकायला लागले. चार दिवसांत दोनदा कोपर फुटलं, पाचव्या दिवशी चालवता यायला लागली. मला वाटलं, आठवड्याभरात आपली सायकल येईल.

वामनराव दर शनिवारी नगरात माळीवाड्यात इब्राहिमभाईंच्या सायकलच्या दुकानात जायला लागले. मीही दोनदा गेले. सायकल पाहायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी अंगठ्यानं टायर दाबायचं. मग सायकल उलटी करायला लावून चाक फिरवायचं आणि कान जवळ नेऊन ऐकत राहायचं. चाक थांबेपर्यंत बोलायचं नाही. थांबलं की, "पुन्हा."

इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, चाक दमलं, तुमी न्हाई दमला."

"वस्तू एकदाच घ्यायची असते," वामनराव म्हणाले. "घाई करील तो दोनदा घेईल."

"मग घ्या की एकदा. बासष्ट. घंटी माझ्याकडून."

"साठ."

"बासष्ट, साहेब. लढाई चालू हाय. पुढच्या महिन्यात ह्या भावात नुसतं हँडल मिळंल."

मी कनवटीचे दोन रुपये काढून टेबलावर ठेवले. वामनरावांनी ते माझ्याकडे परत सरकवले. "बाई, संस्थेच्या वस्तूत खासगी पैसा मिसळला, तर उद्या सायकल कुणाची?"

"माझ्या दोन रुपयांची सीट धरा," मी म्हटलं. "नोकरी सोडताना सीट काढून नेईन."

इब्राहिमभाई हसले. वामनराव हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाव उतरेल. बघू."

भाव उतरला नाही. उतरायचं कारणच नव्हतं. विलायतेहून माल यायचा बंद झाला, टायर-ट्यूब मिळेना. इब्राहिमभाईंकडे ती लेडीज सायकल महिनाभर टांगलेली होती, मग कुणा वकिलाच्या मुलीसाठी पंच्याहत्तरला गेली. मार्च संपला. कमिटीचा नियम असा, की वर्षात न वापरलेली रक्कम शिलकेत जमा व्हायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागायची. वामनरावांनी साठच्या साठ रुपये शिलकेत जमा केले. कमिटीनं काटकसरीबद्दल त्यांचे आभार मानले. आभाराच्या ठरावाची नक्कल त्यांनी मला वाचायला आणून दिली. ती त्यांनी स्वतःच्या कागदावर, बिनदोऱ्याच्या पेन्सिलीनं उतरवून घेतली होती.

पुढच्या वर्षी रक्कम पुन्हा मंजूर झाली. तोवर लेडीज सायकल नगरात औषधालाही राहिली नव्हती. एक वापरलेली जेंट्स मात्र होती. केडगावच्याच एका बागाईतदाराची, अठ्ठावन्नला. मी स्वतः पाहून आले. टायर चांगले, मागे भक्कम कॅरिअर, माझी पेटी नीट बसली असती.

"मंजुरी लेडीजची आहे," वामनराव म्हणाले.

"मी नऊवारी नेसते. कासोटा घातलेल्या बाईला लेडीज काय आणि जेंट्स काय?"

"मला फरक पडत नाही, बाई. ठरावाला पडतो."

दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष दवाखाना पाहायला आले होते. मी कंपाउंडरची जेंट्स सायकल काढली, पदर खोचला आणि पटांगणाला तीन फेऱ्या मारल्या. औषधाच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, बाई तर गड्यावानी दामटतीय." अध्यक्ष म्हणाले, "उत्तम, उत्तम." वामनराव ओसरीवर उभे राहून तीनही फेऱ्या पाहत होते. मी उतरल्यावर म्हणाले, "तोल चांगला आहे. मी कमिटीला दुरुस्तीचा ठराव पाठवतो."

अध्यक्ष तिथंच उभे होते. तोंडी हो म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता? पण वामनरावांनी त्यांना तोंडी विचारलं नाही. तोंडी परवानगीवर खरेदी करायची नाही, हा त्यांचा नियम होता. अध्यक्षांनी आपण होऊन दिली नाही, हा त्यांचा स्वभाव होता. कमिटी तीन महिन्यांनी बसायची. ती बसली, "लेडीज" शब्द खोडला, आणि दुरुस्तीचा कागद येईपर्यंत बागाईतदाराची सायकल सुप्याला गेली होती.

मी त्या काळात वामनरावांशी भांडत असे. भांडण एकतर्फी. ते आवाज चढवत नसत. माझं संपलं की म्हणत, "तुमचं म्हणणं रास्त आहे." एवढं बोलून पुन्हा शाईच्या दौतीत पाणी घालायला लागत. शाई पातळ केली की महिनाभर जास्त पुरते.

१९४३ च्या वैशाखातली गोष्ट. दुपारी बाराच्या सुमाराला बारवेच्या वस्तीवरून गडी धावत आला. तिथली एक तरणी सून पहाटेपासून अडली होती. वस्ती चार मैल लांब. बैलगाडी सांगितली तर ती जुंपून यायलाच तास जाणार. कंपाउंडर त्या आठवड्यात सायकल घेऊन गावाला गेलेला. मी पेटी गड्याच्या डोक्यावर दिली आणि चालायला लागले. ढेकळांतून, तापल्या फुफाट्यातून. पोचले तेव्हा मूल आलेलं होतं, गळ्याला नाळेचा वेढा. मी पोचायच्या थोडंच आधी गेलं होतं. अजून गरम होतं. आईला वाचवलं.

मी ओसरीवर बसले, तेव्हा सासू पितळी तांब्यात पाणी घेऊन आली आणि माझ्या पायांवर घालायला लागली. म्हणाली, "लई चालावं लागलं व्हय, बाई? पाय बगा कसं भाजलं." तिनं दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वामनरावांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. न थांबता, न रडता. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "सायकल असती तर किती मिनिटं वाचली असती?"

मी दार ओढून घेऊन बाहेर गेले आणि पंधरा दिवस कामापलीकडे त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

पंधरा दिवसांनी मी त्या सुनेला तपासायला बारवेच्या वस्तीवर गेले. सासू म्हणाली, "तुमचं ते कारकून आल्तं की ऐतवारी."

"कोण? वामनराव?"

"नाव न्हाई ठावं. काळा कोट. सकाळी येकदा येऊन गेलं, मग भर दुपारचं पुन्ना आलं, छत्री काखंत मिटल्याली, घामानं नुसतं निथळत. घड्याळात बगितलं, कागदावर लिवलं. सूनबाई कशी हाय इचारलं. मी पानी दिलं तर म्हनलं, अर्धं. बसा म्हनलं तर न्हाई. लगी माघारी फिरलं."

तो कागद मी नंतर पाहिला. कमिटीकडे पाठवलेल्या अर्जाला जोडला होता. केडगाव ते बारवेची वस्ती, सकाळी पायी एक तास वीस मिनिटं. भर दुपारी पायी एक तास पस्तीस. सायकलीनं, कंपाउंडरकडून चालवून घेतल्याप्रमाणे, पस्तीस मिनिटं. खाली लिहिलं होतं, "एक तासाचा फरक पडतो. सबब मंजुरी वाढवून मिळावी." त्यानंतर एक ओळ खोडलेली होती. मी कागद उजेडाला धरून पाहिला, पण ती वाचता आली नाही. आपली चूक झाली असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

अर्ज इतका चोख होता, की कमिटीनं मंजुरी एकशे दहापर्यंत वाढवली. तोवर बाजारात जुनी सायकलसुद्धा दीडशेच्या खाली नव्हती. मी कपाळाला हात लावला. वामनराव दर शनिवारी माळीवाड्यात जात राहिले, चाकं फिरवत राहिले.

लढाई संपली आणि भिंगारच्या कॅम्पात लष्कराच्या वापरून झालेल्या सामानाचा लिलाव निघाला. तंबू, बादल्या, घोंगड्या, सायकली. वामनरावांनी मला बोलावून घेतलं, "बाई, तुम्हीही या. बसणार तुम्ही आहात." सकाळी आठपासून ते सायकलींच्या रांगेतून हिंडत होते. चाळीसेक सायकली असतील. प्रत्येकीचं टायर दाबलं, प्रत्येकीचं चाक ऐकलं. दहा वाजता एका हिरव्या सायकलीपाशी थांबले. जेंट्स, वजनदार, मागे रुंद कॅरिअर.

"बाई, ही," ते म्हणाले. "डोळे मिटून घ्यावी अशी."

कुठल्याही वस्तूबद्दल त्यांच्या तोंडून इतकं चांगलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. सहा वर्षांनी का होईना, आज सायकल मिळणार असं मला वाटलं.

बोली सत्तरला सुरू झाली. ऐंशी, नव्वद. शेवटी दोघंच राहिले, वामनराव आणि एक भुसार दुकानदार. वामनराव बोट वर करत, रुपया वाढवत. एकशे नऊ दुकानदाराचे. एकशे दहा वामनरावांचे. दुकानदार म्हणाला, "एकशे अकरा."

वामनरावांनी हात खाली घेतला.

"अहो, एक रुपया," मी म्हटलं.

"मंजुरी संपली."

"तुम्हीच म्हणालात ना, डोळे मिटून घ्यावी."

"आत्ताही म्हणतो." सहा वर्षं शोधलेली वस्तू चार हातांवर उभी होती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. तरी हात वर जाईना.

लिलाववाला म्हणाला, "एकशे अकरा एक वार. दोन वार."

"एकशे पंधरा," मी ओरडले.

सगळे वळून बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या, बाई हायेत." पोस्टात माझे दीडशे रुपये होते. आजारपणाला म्हणून ठेवलेले. तेव्हा मी धडधाकट होते. संध्याकाळच्या आत पैसे भरले आणि भिंगारहून केडगावला सायकलवर बसून आले. वामनराव कॅम्पाच्या फाटकापर्यंत बरोबर चालले. म्हणाले, "तीन रुपये जास्त गेले. एकशे बाराला मिळाली असती." मी पायडलवर पाय ठेवला आणि निघाले, नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या ओसरीत लावली, तर वामनरावांनी कोरा कागद पुढे केला. "खासगी वाहन संस्थेच्या जागेत ठेवायचं, तर अर्ज हवा." मी अर्ज खरडला. त्यांनी तिथल्या तिथं मंजूर करून सही ठोकली. आठ वर्षांत त्यांच्या हातून इतक्या लवकर झालेलं काम हे एकच. पुढे दर शनिवारी मी निघायच्या आधी ते ओसरीवर येत, दोन्ही टायरं अंगठ्यानं दाबत आणि "हवा ठीक," किंवा "हवा कमी," एवढंच बोलून आत जात.

१९४७ च्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. बिऱ्हाड जामखेडला हलवायचं होतं. मी मोटारस्टँडवर निरोपाला गेले, सायकलवरच. ते खिडकीशी बसले होते. मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर छत्री. आठ वर्षं एकत्र काम केलेलं माणूस. म्हटलं, आता तरी काही बोलतील. मीही काही बोलायचं ठरवून गेले होते, ते आता आठवत नाही. मोटार सुरू झाली. वामनराव खिडकीतून वाकून माझ्याकडे नाही, खाली बघत होते.

"बाई, मागचं चाक बसलंय," ते म्हणाले. "हवा भरून घ्या."

मोटार धुरळा उडवत गेली. मी चाक दाबून पाहिलं. हवा खरंच कमी होती.

त्यांच्या जागी आलेल्या कारकुनानं पंधरा दिवसांत दवाखान्याला नवी सायकल घेतली. एकशे साठ रुपयांना. त्यात त्याचे किती होते, हे इब्राहिमभाईंनी मला न विचारता सांगितलं. सायकल मध्यम आहे, डावं पायडल कुरकुरतं, पण चालते. गेली दोन वर्षं मी तिच्यावरच फिरते. या वर्षी बारवेच्या वस्तीवर तीन बाळंतपणं वेळेवर पोचून केली. कुठल्या माणसाबद्दल काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी हिरवी सायकल घरी पडून असते.

कार्डात आणखी एक ओळ आहे, अगदी खाली, कोपऱ्यात दाबून लिहिलेली. "ठरावात 'लेडीज' हा शब्द मी घालू दिला नाही, फक्त 'सायकल' असे लिहविले आहे." ही ओळ मी चार दिवसांत बऱ्याचदा वाचली. म्हणजे नऊ वर्षांत वामनराव एका शब्दानं पुढे सरकले. या चालीनं जामखेडच्या पोरीला सायकल मिळायला ती माझ्या वयाची व्हावी लागेल.

मी तीन उत्तरं लिहिली. पहिल्यात रागावले होते. दुसऱ्यात समजावलं होतं. तिसऱ्यात कोणत्या सायकलीला किती द्यावेत ते लिहायला घेतलं, आणि लक्षात आलं, की या उत्तराला त्यांचं पुन्हा कार्ड येणार. तिन्ही चुलीत घातली. मग उठून चेन पुसली, तेल दिलं, बसवली.

६ जून, सोमवार. आज सकाळी सहा वाजता मी हिरवी सायकल मोटारस्टँडवर नेली. दोन्ही चाकांत हवा भरली आणि अंगठ्यानं दाबून पाहिली. जामखेडच्या मोटारीच्या टपावर ती दोरानं आवळून बांधून घेतली. हँडलला पुठ्ठा अडकवला होता, वामनरावांच्या नावाचा नाही, तिथल्या नर्सबाईंच्या नावाचा. त्यावर लिहिलं होतं : "सायकल जुनी, चालू. आजपासूनच वापरावी. किंमत एकोणनव्वद रुपये, वामनराव खर्डेकर ठरवतील तेव्हा पाठवावी." मंजुरी नव्वदची आहे. एक रुपया वाचवला, असं त्यांना ठरावात लिहिता येईल. मोटार सुटल्यावर मी दवाखान्याची सायकल घेतली आणि कुरकुरत बारवेच्या वस्तीकडे निघाले.